सड्याच्या जीवांचं भित्तिचित्र : गावाने मिळून रंगवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात शाळेच्या कुंपणावर, पंचायत घराच्या भिंतीवर किंवा मैदानाच्या कडेला गावकऱ्यांनी मिळून आपल्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावरचे, प्राणी, पक्षी, फुलं रंगवायची असतील, तर कामाच्या आधी आणि काम चालू असताना जे प्रश्न हमखास पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. मापं 20 मीटर लांब आणि 2 मीटर उंच भिंतीच्या, म्हणजे 40 चौरस मीटरच्या हिशेबाने दिली आहेत. तुमची भिंत लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात बदला.

एवढी हिरवी झाडी असताना सड्याचंच चित्र का?

कारण सड्याची बाजू घेणारं कोणी नसतं. मे महिन्यात सड्यावर उभं राहिलं तर करपलेलं गवत, तापलेला कातळ आणि वाऱ्यावर उडणारी धूळ दिसते. कागदोपत्री त्याला पडीक म्हणतात, आणि जे पडीक ते कशालाही देता येतं. वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. जूनच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की त्याच कातळातल्या खळग्यांत पाणी साचतं, बेडूक ओरडायला लागतात, आणि ऑगस्टपर्यंत बोटभर मातीच्या थरावर फुलांचे ताटवे उभे राहतात. सड्यावर पडणारं पाणी कातळाच्या छिद्रांतून झिरपून खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं. हे ज्या गावाला माहीत आहे त्या गावाने ते भिंतीवर मांडावं, यासाठी हा खटाटोप.

कोणते जीव निवडावेत?

जे तुमच्या सड्यावर खरोखर दिसतात तेच. आधी यादी करा. गुरं चारणारे, सड्यावरून शाळेत जाणारी मुलं, काजूच्या बागेत राबणाऱ्या बाया यांना विचारा, आणि जमल्यास आदल्या वर्षी जून ते सप्टेंबरमध्ये फोटो काढून ठेवा. डिसेंबरमध्ये रंगवायला बसल्यावर ‘सीतेची आसवं’ या फुलाचा जांभळा नेमका कसा असतो हे आठवणीतून येत नाही.

20 मीटरमध्ये दहा-बारा जीव नीट बसतात. त्याहून जास्त घातले की भिंत शाळेतल्या तक्त्यासारखी दिसते. बहुतेक सड्यांवर चालेल अशी निवड आणि प्रत्येकात हमखास होणारी चूक अशी :

टिटवी दोन प्रकारची आहे आणि दोघींची सरमिसळ नेहमी होते. लाल गाठीच्या टिटवीचं डोकं, गळा आणि छाती काळी, डोळ्यामागून पोटापर्यंत उतरणारा पांढरा पट्टा, डोळ्यापुढे लाल मांस आणि लाल चोचीला काळं टोक. ही पाण्याजवळ, शेतातही दिसते. सुक्या, उघड्या सड्यावर खास दिसते ती पिवळ्या गाठीची. तिला काळी टोपी, टोपीखाली बारीक पांढरी रेघ, चोचीच्या मुळापासून लोंबणारी पिवळी गाठ आणि मातकट अंग असतं. छाती काळी नसते. पाय दोघींचे पिवळे. अंडी दाखवायची असतील तर घरटं काढू नका. टिटवी उघड्या जमिनीवर नुसत्या खळग्यात अंडी घालते, बहुधा चार, टोकं आत करून, आणि त्यांचा रंग आजूबाजूच्या खड्यांत मिसळून जातो.

पहिल्या पावसातला मोठा बेडूक, ज्याला बुलफ्रॉग म्हणतात, तो घ्याच. विणीच्या दिवसांत नर लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. मादी मात्र हिरवट तपकिरीच राहते. पावसाळ्यात हाच बेडूक ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून विकला जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारण्यावर बंदी आहे आणि हे चित्राखाली एका ओळीत लिहायला हरकत नाही. शास्त्रज्ञांनी गोव्याच्याच कातळ सड्यांवरून वर्णन केलेला एक छोटा बेडूकही आहे, ‘मिनर्वारिया गोएमची’. त्याच्या नावातच गोंय आहे, म्हणून बुलफ्रॉगच्या जवळच, खळग्याच्या काठावर, त्याला जागा द्या.

सशाच्या मानेमागचा काळा डाग आणि शेपटीची काळी वरची बाजू विसरू नका, नाहीतर तो पाळलेला पांढरा ससा वाटतो. कोल्हा रंगवताना शेपटी झुबकेदार पण टोकाला काळपट ठेवा. टोक पांढरं केलं की परदेशी गोष्टींतला लाल कोल्हा होतो. याशिवाय घोरपड, मुंगूस, तुरेवाला चंडोल, रातवा आणि मोर.

फुलांमध्ये निळी-जांभळी सीतेची आसवं, बटणासारखे पांढरे गेंद, पिवळी कवला, गुलाबी तेरडा. चिकट केसांची, किडे पकडणारी दवबिंदू वनस्पती एका कोपऱ्यात मोठी करून काढली तर मुलं तिथून हलत नाहीत. सीतेची आसवंही कीटकभक्षी आहेत, फक्त त्यांचे सापळे मुळांच्या जागी, ओल्या मातीत लपलेल्या बारीक पिशव्यांचे असतात. भिंतीच्या तळाशी मातीचा छेद दाखवून त्या काढता येतात.

गवा राज्यप्राणी आहे, मग तो नको का?

नको. गवा आणि राज्यपक्षी असलेला लालबुंद गळ्याचा बुलबुल हे घाटातल्या रानाचे. वाघ, धनेशही तसेच. ते इथे आणले की टिटवीकडे कोणी बघत नाही.

कातळाला कोणता रंग द्यायचा? लाल ना?

ही सगळ्यात मोठी चूक. खाणीतून नुकताच कापलेला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, लाल-पिवळसर असतो. सड्याचा उघडा कातळ उन्हापावसाने काळपट तपकिरी झालेला असतो, आणि पावसात शेवाळाने हिरवट काळा. लाल फक्त जिथे पोपडा फुटला आहे किंवा वाट पडली आहे तिथे दिसतो. तपकिरी-काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा बेडूक आणि जांभळी फुलं उठून दिसतात, लाल पार्श्वभूमीवर सगळंच भांडतं.

भिंतीचं डावं टोक मे महिना आणि उजवं टोक सप्टेंबर असा ऋतू सरकत नेला तर कातळाचा रंगही सुक्यातून ओल्यात जातो आणि चित्राला आपोआप दिशा मिळते.

विषारी फुरसं भिंतीवर काढावं का?

काढावं. सड्यावर सैल दगडांखाली ते असतंच, आणि ते ओळखता आलं तर पाय जपून पडतो. खवले खरखरीत, अंगाच्या बाजूने नागमोडी फिकट रेघ, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी किंवा बाणासारखी खूण. साधारण एक ते दोन फूट लांबीचा हा साप आहे. भिंतीवर तो चार फुटांचा झाला तर लोकांचा समज चुकेल, म्हणून शेजारी खऱ्या मापाची एक रेघ द्या. खाली लिहा : चावल्यास अवयव हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका, 108 वर फोन करून इस्पितळ गाठा. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं.

कोणती भिंत चालते?

गिलावा केलेली, डोक्यावर उतरतं कोपिंग (पाऊस बाहेर टाकणारी माथ्यावरची कड) असलेली, आणि मागे माती न टेकलेली. तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर थेट रंग देऊ नका. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो, आणि ते पाणी बाहेर पडताना रंगाचे पोपडे काढतं. मागे मातीचा भराव असलेली संरक्षक भिंत तर घेऊच नका. तिच्यातून वर्षभर ओल येते आणि पाणी जायला ठेवलेली भोकं रंगात बुजली तर भिंतीलाच धोका होतो.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर झोडपतो. त्यामुळे पश्चिम-दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा रंग आधी जातो. पूर्वेची भिंत सगळ्यात बरी. उत्तरेच्या भिंतीवर रंग कमी विटतो, पण शेवाळ जास्त धरतं.

कोपिंग नसेल तर आधी ते करून घ्या. ते भिंतीच्या पुढे निदान 5 सेंटिमीटर यावं आणि त्याच्या खालच्या बाजूला गवंड्याकडून एक खाच मारून घ्यावी, म्हणजे पाणी खाचेपाशी तुटून खाली टपकतं. खाच नसली तर तेच पाणी उलटं सरकून चित्रावर काळे ओघळ काढतं. या एका खर्चात काटकसर करू नका.

परवानगी कोणाची?

भिंत ज्याची त्याची, लेखी. शाळेची असेल तर व्यवस्थापनाची, सार्वजनिक रस्त्यालगत असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याची, आणि पंचायतीचा ना हरकत दाखला. जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) आणि भिंत पंचायतीने बांधलेली असं बऱ्याच ठिकाणी असतं, तिथे दोघांना पत्र द्या. विषय ग्रामसभेत मांडून घ्या. ग्रामसभेत आराखडा दाखवला की पुढे कुरबुर राहत नाही. परवानगीपत्रात चित्र किती वर्षं ठेवायचं, देखभाल कोणाकडे आणि भिंत पाडायची झाल्यास किती आधी कळवायचं हे तीन मुद्दे असावेत.

काम कधी करावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. गणेश चवथीनंतर लगेच धरलं तर भिंत अजून ओली असते. मार्चनंतर दुपारची भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो आणि रेघा उमटतात. तारीख ठरवताना गावची जत्रा, नाताळ, शिगमो आणि शाळेच्या परीक्षा बघून घ्या.

थंडीच्या सकाळी, विशेषतः आतल्या तालुक्यांत, भिंतीवर दव असतं. हात फिरवून बघा, ओल लागली तर पुसून ऊन येईपर्यंत थांबा. संध्याकाळी पाचनंतर नवा हात मारू नका. ओल्या रंगावर दव पडलं तर सकाळी चिकट, चकचकीत ओघळ दिसतात.

नवीन गिलाव्यावर लगेच रंगवता येतं का?

नाही. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारून मग निदान 28 दिवस तो सुकू द्या. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, रंगद्रव्य जाळतं आणि रंगाला धरू देत नाही. दिवस भरले तरी एकदा तपासा : दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि 24 तासांनी काढा. आतून थेंब दिसले तर अजून थांबायचं.

जुनी भिंत कशी तयार करायची?

सुटे पोपडे पत्रीने खरवडा, तारेच्या ब्रशने घासा. शेवाळ असेल तर बाजारात मिळणाऱ्या साध्या ब्लीच द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग असं मिश्रण लावून पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला आणि त्यात दुसरं काहीही मिसळू नका. शेवाळ नुसतं घासून काढलं तर त्याचे अंश राहतात आणि पुढच्या ऑगस्टला टिटवीचं पोट हिरवं होतं.

पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ, दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर मीठ परत आत जातं. पण लोणा येतोय म्हणजे कुठूनतरी पाणी येतंय. ते शोधून बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. भेगा सिमेंटने किंवा बाहेरच्या कामाच्या पुट्टीने भरा. आतल्या भिंतीची पुट्टी बाहेर वापरली तर पहिल्याच पावसात भुसभुशीत होते.

रंग कोणता आणि किती लागेल?

बाहेरच्या भिंतीसाठीचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इमल्शन. ऑइलपेंट नको. तो भिंतीतली वाफ कोंडतो, मग फुगे येतात. पोस्टर कलर, डिस्टेंपर पाऊस बघताच जातात.

40 चौरस मीटरला बाहेरचा प्रायमर सुमारे 6 लिटर. पार्श्वभूमीचे दोन हात द्यायला, लिटरमागे पाच चौरस मीटर धरले तर 8 लिटर, म्हणून 10 घ्या. जीव, झाडं, फुलं यांना सगळे रंग मिळून आणखी 8 ते 10 लिटर. गिलावा खरखरीत असेल तर सगळीकडे चौथाई वाढवा. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या.

पांढऱ्यात स्टेनर (छटा देणारा घट्ट द्रव रंग) टाकून फिके रंग होतात, गडद होत नाहीत. लिटरला 40 मिलिलिटरहून जास्त स्टेनर टाकला तर रंग नीट सुकत नाही आणि हाताला लागत राहतो. कातळाचा काळपट तपकिरी, पानांचा गर्द हिरवा हे दुकानातल्या मशीनवर तयार करून घ्या, आणि एकाच वेळी, कारण दुसऱ्या खेपेला छटा किंचित वेगळी येते.

टिकाऊपणाचं म्हणाल तर लोहाच्या ऑक्साइडचे लाल, पिवळे, तपकिरी, तसाच काळा हे उन्हाला सगळ्यात खंबीर. गोव्यातल्या देवळांवरची कावी कलाही लाल मातीच्या आणि चुन्याच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या तगली, ती याच रंगद्रव्यामुळे. फिके गुलाबी, फिके जांभळे आणि भडक पिवळे सगळ्यात आधी उडतात. म्हणून फुलं हवीत त्याहून एक छटा गडद रंगवा आणि शक्यतो कोपिंगच्या सावलीत येतील अशी मांडा.

कागदावरचं चित्र भिंतीवर कसं न्यायचं?

चौकटींनी. 1 मीटरला 10 सेंटिमीटर या मापाने आराखडा 2 मीटर बाय 20 सेंटिमीटरच्या कागदावर काढा, त्यावर 5 सेंटिमीटरचे चौकोन आखा आणि भिंतीवर 50 सेंटिमीटरचे. उभी रेघ ओळंब्याने, आडवी पाण्याच्या नळीने घ्या. जमिनीवरून मोजू नका, गोव्यातली कुठलीच जमीन सपाट नसते. प्रोजेक्टर असेल तर रात्री टिटवीसारखे बारकाव्याचे जीव थेट उतरवता येतात, पण तो भिंतीसमोर अगदी सरळ ठेवायला हवा, नाहीतर पाय लांबतात.

आखणी पांढऱ्या खडूने आणि मग पातळ केलेल्या पिवळ्या मातकट रंगाने करा. मार्कर पेन वापरू नका. त्याची शाई तीन हातांमधूनही वर येते.

पन्नास-साठ लोक आले तर सांभाळायचं कसं?

20 मीटरवर एकावेळी बारा ते चौदाच माणसं नीट काम करू शकतात. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, सकाळी साडेसात ते साडेअकरा दोन आणि साडेतीन ते पाच दीड तासाची एक. चौघांमागे एक जाणता. प्रत्येक तुकड्यात खडूने आकडा लिहा, रंगाच्या डब्यावर तोच आकडा. आलेल्या माणसाने रंग मिसळायचा नाही, फक्त आकडा जुळवून भरायचा. डब्यात रंग दोन बोटंच ओता. अर्धा भरला की सांडतोच आणि ब्रश मुठीपर्यंत बुडतो.

डोळे, चोची, खवल्यांच्या ओळी आणि बाहेरच्या रेघा शेवटी, सरावलेल्या दोन-तीन हातांनी. डोळे सगळे एकाच माणसाने रंगवावेत. एकूण वेळापत्रक : साफसफाई आणि दुरुस्ती दोन-तीन दिवस, प्रायमर एक, पार्श्वभूमी एक, आखणी दोन, गावाचे दोन, बारकावे दोन-तीन.

मुलांना काय द्यावं?

साधारण चार फुटांपर्यंतचा भाग, मोठे आकार, इंचभर रुंद ब्रश. गवत तर मुलांचंच काम, त्यांच्या हाताचे वेडेवाकडे फटकारे गवताला शोभतात. शिडी आणि परांचीवर मुलं नाहीत, आणि खरवडणी-ब्लीचच्या दिवशी ती तिथे नकोतच. पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं त्यांना जवळच्या सड्यावर नेऊन आणा, पण उन्हाळ्याकडे झुकणारे दिवस असतील तर टिटवीचा आरडाओरडा सुरू होताच मागे फिरा, जवळ अंडी असतात.

भिंत शोधण्यापेक्षा सड्याच्या कातळावरच का रंगवू नये?

अजिबात नको. त्या कातळावरचं शेवाळ, दगडफूल, बोटभर मातीत धरलेली मुळं हीच सड्याची खरी वस्ती. रंगाखाली ती मरते आणि पावसात सुटलेले पोपडे थेट बेडकांच्या खळग्यांत जातात. शिवाय कोणत्या कातळावर काय कोरलेलं असेल सांगता येत नाही. कुशावती नदीच्या काठावरच्या उसगाळीमळची प्राचीन शिल्पं, बैल, हरणं, मोर, चक्रव्यूहासारखी वलयं, सगळी जांभ्या कातळावरच आहेत आणि बराच काळ मातीखाली होती.

ब्रश धुतलेलं पाणी कुठे टाकायचं?

व्हाळात (ओढ्यात), विहिरीजवळ, गटारात नाही. दोन बादल्या ठेवा. पहिल्या बादलीत ब्रश धुवायचे, दुसरीत खळबळायचे. पहिलीतलं पाणी रात्रभर बसू द्या, वरचं नितळ पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायला वापरा आणि तळचा गाळ जुन्या वर्तमानपत्रावर सुकवून सुक्या कचऱ्यात द्या. धुण्याआधी ब्रश चिंधीने पुसला तर पाणी निम्म्याने कमी लागतं.

वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, द्यावा का?

दिला तर पाण्यात मिसळणारा, बाहेरचा, मॅट. दोन पातळ हात, शेवटच्या रंगानंतर निदान तीन दिवसांनी. चकचकीत तेलकट वार्निश पिवळं पडतं, ओल कोंडतं आणि दुपारी चित्रावर डोळा ठरत नाही. भिंतीला थोडीही ओल असल्याचा संशय असेल तर क्लिअर कोट न दिलेलाच बरा.

पैसे देणाऱ्यांची नावं लिहायची का?

एका कोपऱ्यात, हाताएवढ्या चौकटीत. जाहिरात झाली तर प्रकरण वेगळं होतं. गोव्यात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1988 चा कायदा आहे, आणि राजकीय नाव किंवा चिन्ह असेल तर निवडणूक आचारसंहितेत ते झाकावं लागतं. जीवांची नावं मात्र ठळक लिहा, मराठीत आणि गावात बोलतात त्या कोंकणीत : कोल्हा – कोलो, ससा – सोंसो. फुलांची नावं वाड्यावाड्याला बदलतात, ती जुन्या माणसांकडून पक्की करून घ्या. अक्षरं निदान 5 सेंटिमीटर उंच हवीत, तरच रस्त्यावरून वाचता येतात.

चित्र किती वर्षं टिकतं आणि काय काय बिघडतं?

भिंत चांगली असेल तर पाच-सहा पावसाळे. पहिल्याच वर्षी बिघडतो तो तळ. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून लाल चिखल दीड फुटापर्यंत उडतो. त्यामुळे तळाच्या 45 सेंटिमीटरमध्ये जीव काढू नका. तिथे मातीच्या लाल रंगाचा सपाट पट्टा ठेवा, तो दर वर्षी अर्ध्या दिवसात नव्याने रंगवता येतो. त्या मातीच्या छेदातले सापळे काढायचे असतील तर पट्ट्याच्या वरच्या कडेला. भिंतीच्या पायथ्याशी फूटभर खडी टाकली तर चिखल निम्म्याहून कमी उडतो.

दर ऑक्टोबरला भिंत मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा, रंगवलेल्या भागाला ब्लीच लावू नका. पोपडा सुटला असेल तर कडा खरवडा, काचकागद मारा, प्रायमर द्या आणि तेवढाच तुकडा भरा. पोपड्यावरच रंग मारला तर तो नवा रंग घेऊन पडतो.

यासाठी काम संपताना प्रत्येक रंगाचा 200 मिलिलिटर काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा. बरणीवर आकडा, दुकानातल्या मशीनने दिलेला छटेचा कोड आणि तारीख लिहा, आणि कोडांची एक प्रत शाळेत व एक पंचायतीत द्या. बरणीतला रंग वर्ष-दोन वर्षांत घट्ट झाला किंवा आंबला तरी कोडवरून तोच रंग पुन्हा बनवून घेता येतो.